मराठवाड्यात चांदीची खाण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खणताना पांढरा चमकता दगड लागला, डोंगराच्या पोटात जुनं भुयार सापडलं, 'आमच्या गावात पूर्वी चांदी निघायची' असं आजोबा सांगायचे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून असे प्रश्न सतत येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मराठवाड्यात कधी चांदीची खाण होती का?

नव्हती. आपल्या पायाखालचा जवळजवळ सगळा खडक बेसॉल्ट आहे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. या खडकात खाण परवडेल इतकी चांदी नसते. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

मात्र मराठवाड्याचा चांदीशी संबंध फार जुना आहे. पैठण आणि तेर ही दोन हजार वर्षांपूर्वीची मोठी व्यापारी गावं. दौलताबादला आणि औरंगाबादला टांकसाळी होत्या. चांदी इथे भरपूर आली, पण ती बाहेरून. घरोघर सांगितल्या जाणाऱ्या 'चांदीच्या खाणी'मागे बहुतेक वेळा पुरलेला हंडा, टांकसाळ, दगडखाण किंवा पाण्याचं भुयार निघतं.

२. विहिरीत पन्नास फुटांवर चांदीसारखे चमकणारे खडे लागले. ते काय आहेत?

बहुधा झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकतो आणि खडकात पोकळ्या राहतात. विहीर खणणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून पाणी झिरपलं, आणि पाण्यात विरघळलेल्या सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम यांचे स्फटिक आतल्या बाजूला वाढत गेले.

पोकळी फोडली की तिच्या भिंतीला आधी पातळसा हिरवट लेप दिसतो. त्यावर दातांसारखी गारगोटीची ओळ, आणि मधे मोत्यासारखी झाक असलेली स्टिल्बाइटची पानं किंवा सुयांच्या जुडग्यासारखं स्कोलेसाइट. ही दोन्ही झिओलाइटच्याच जातीची. उन्हात धरल्यावर लखकन चमकतं ते हेच. स्टिल्बाइटची मोत्यासारखी झाक चांदीच्या वर्खाची आठवण करून देते, त्यामुळे फसगत होणं साहजिक आहे.

तो हिरवा लेप पाहून 'तांबं आहे' असंही सांगितलं जातं. तो सेलाडोनाइट नावाचा मातीच्या जातीचा खनिज असतो. त्याचा हिरवेपणा लोहामुळे येतो, तांब्यामुळे नाही. ओढ्याच्या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारे काळे चमकदार कण मॅग्नेटाइटचे, तेही लोहच.

३. घरच्या घरी खात्री कशी करायची?

तीन चाचण्या पुरतात. सगळ्यात भरवशाची आहे ती घनतेची, कारण चमक फसवते, वजन फसवत नाही.

घनता: दगड ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने पाऊण भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दगड बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा. तो पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटिमीटर त्या दगडाचं आकारमान. हवेतलं वजन भागिले हा आकडा, की घनता मिळाली. उदाहरणार्थ, दगड ८६ ग्रॅमचा आणि पाण्यात काटा ३८ दाखवतो: ८६ ÷ ३८ = २.२६, म्हणजे झिओलाइटच्या आसपास. तेवढ्याच वजनाची चांदी असती तर काट्याने फक्त ८ दाखवले असते.

तुलनेसाठी आकडे: स्टिल्बाइट २.१ ते २.२, अपोफिलाइट २.३ ते २.४, गारगोटी २.६५, कॅल्साइट २.७, पायराइट ५, शिशाचं खनिज गॅलेना ७.५, शुद्ध चांदी १०.५. उत्तर ३ च्या आत आलं की चांदीचा विषय तिथेच संपतो.

चूक कुठे होते? दगड ५० ग्रॅमहून लहान असेल तर एका ग्रॅमच्या फरकानेही उत्तर बिघडतं. मांजऱ्या दगडाच्या छिद्रांत हवा अडकली तर घनता कमी येते. बुडवल्यावर बुडबुडे येणं थांबेपर्यंत थांबा आणि मगच आकडा वाचा.

रेघ: फरशीच्या पाठीमागच्या खरबरीत, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासा. झिओलाइट आणि कॅल्साइटची रेघ पांढरी, गॅलेनाची शिसपेन्सिलीसारखी करडी, पायराइटची हिरवट काळी उमटते.

कठीणपणा: चाकूने ओरखडा उठत नाही आणि दगडच काच कापतो, तर गारगोटी. चाकूने सहज ओरखडा उठतो आणि लिंबाचा रस टाकल्यावर भुकटी हळूहळू फसफसते, तर कॅल्साइट. कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवा. खालची ओळ दुहेरी दिसते. ही खूण चुकत नाही.

दगड गॅसवर किंवा चुलीत तापवून बघू नका. झिओलाइटमध्ये पाणी असतं, ते उकळून कपच्या डोळ्यात उडतात. सराफाकडचं नायट्रिक ॲसिड घरी आणून प्रयोग करणंही टाळा.

४. पण बेसॉल्टमध्ये चांदी का नसते?

थोडी असते, फक्त ती गोळा झालेली नसते. पृथ्वीच्या कवचात टनामागे सरासरी ०.०७ ग्रॅम चांदी आहे आणि बेसॉल्टमध्येही तिचं प्रमाण त्याच घरातलं. आठ मीटर व्यासाची, पंधरा मीटर खोल विहीर खणली तर साधारण दोन हजार टन दगड निघतो. त्या अख्ख्या ढिगात मिळून चांदी भरेल दीड-दोनशे ग्रॅम, तीही अणू-अणूने विखुरलेली. मुख्यतः चांदीसाठी चालणाऱ्या खाणीत एवढी चांदी साधारण एका टनात असावी लागते.

विखुरलेली चांदी एका जागी यायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: खोलवर फिरणारं गरम खारं पाणी, त्यात धातू धरून ठेवणारं क्लोराइड किंवा गंधक, ते पाणी वाहून नेणारी भेग किंवा भ्रंश, आणि धातू खाली बसेल अशी जागा, उदाहरणार्थ डोलोमाइटसारखा खडक. राजस्थानात जावरला (प्रश्न ९) हे सगळं जमून आलं. आपल्याकडचा लाव्हा लवकर थंड झाला आणि नंतर पोकळ्यांत फिरलेलं पाणी कोमट आणि धातूंच्या दृष्टीने गरीब होतं. त्यातून स्फटिक वाढले, धातू साठले नाहीत.

५. अमेरिकेत लाव्हाच्या खडकातच तांबं आणि चांदी सापडली, असं वाचलं. मग आपल्याकडे का नाही?

वाचलेलं बरोबर आहे. मिशिगन राज्यात कीविनॉ नावाचा द्वीपकल्प आहे. तिथे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत शुद्ध तांबं आणि त्याच्या सोबतीने शुद्ध चांदी सापडली. एकाच ढेकळात अर्धं तांबं, अर्धी चांदी असे नमुनेही निघाले.

फरक खोलीचा आहे. तिथला लाव्हाचा ढीग कित्येक किलोमीटर जाड. तळाचा खडक दबून तापला, त्यातून गरम पाण्याने तांबं काढून घेतलं आणि वरच्या पोकळ्यांत आणून सोडलं. मराठवाड्याच्या दक्षिण भागात बेसॉल्टची जाडी काहीशे मीटरच आहे (प्रश्न ६). एवढ्या आवरणाखाली तशी भट्टी पेटत नाही.

६. या काळ्या दगडाच्या खाली काय आहे? तिथे धातू असेल तर?

याचं उत्तर छिद्र पाडून मिळालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आलं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट. त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा थर, म्हणजे लाव्हा येण्याआधीची जमीन. आणि तिथून खाली ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) जातीचा, अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक.

हा जुना खडक कर्नाटकात उघड्यावर आहे आणि तिथल्या काही पट्ट्यांत सोनं मिळतं (प्रश्न ११). पण जुना खडक म्हटला की त्यात धातू असणारच, असं नाही. सोनं मिळतं ते त्यातल्या शिस्ट नावाच्या पापुद्री खडकाच्या चिंचोळ्या पट्ट्यांत. बाकीचा विस्तीर्ण नाइस धातूच्या बाबतीत ओसाड असतो.

७. आमचा तालुका देगलूर. इथे तर काळा नाही, गुलाबी-करडा दगड आहे. आमच्याकडे शक्यता आहे का?

निरीक्षण अचूक आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, बेसॉल्टचं पांघरूण संपतं आणि खालचा ग्रॅनाइट-नाइस वर येतो. शेतात पत्र्यासारखे पापुद्रे चमकताना दिसतात ते अभ्रकाचे. नखाने उचकटून बघा, पापुद्रा वाकतो आणि सोडला की सरळ होतो. चांदीचा पत्रा वाकला की वाकलेलाच राहतो.

गॅलेनाचे करडे, घनाकृती, हातात घेताच जड वाटणारे तुकडे सापडले तर मात्र प्रश्न १८ प्रमाणे नमुना द्या, कारण शिशाच्या या खनिजात चांदी मिसळलेली असू शकते (प्रश्न १०). गॅलेनात शिसं ८६ टक्क्यांपर्यंत असतं, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

८. पैठणच्या सातवाहनांनी चांदीची नाणी पाडली. मग ती चांदी कुठली?

सातवाहनांची बहुसंख्य नाणी शिशाची, तांब्याची आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत. चांदीची नाणी त्या मानाने थोडी, आणि ती ठळकपणे दिसतात गौतमीपुत्र सातकर्णीपासून. त्याने क्षहरात राजा नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारून तीच पुन्हा चलनात आणली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्राचा छाप बसलेला स्पष्ट दिसतो. खाण नसलेल्या राज्याने चांदी कशी मिळवली, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही.

दुसरी वाट व्यापाराची. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात तांबं, कथील, शिसं येतं, आणि सोन्याचांदीची रोमन नाणीही. स्थानिक चलनात बदलताना त्यांवर नफा होतो, अशी नोंद लेखकाने आवर्जून केली आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर.

पैठणहून गाड्या भरून काय जात होतं? अकीक. ज्या पोकळ्यांबद्दल प्रश्न २ मध्ये लिहिलं, त्यांतच सिलिकाचे रंगीत पट्टे साचून हा दगड तयार होतो. म्हणजे इथल्या काळ्या खडकाने चांदी दिली नाही, पण चांदीच्या बदल्यात देण्याजोगी वस्तू दिली. मराठवाड्याचा 'चांदीचा इतिहास' शोधायचा तर तो या व्यवहारात आहे, आणि तो कुठल्याही खाणीइतकाच अभिमानाचा आहे.

९. भारतात जुनी, सोडून दिलेली चांदीची खाण खरोखर कुठे आहे?

राजस्थानात. उदयपूरच्या दक्षिणेला जावर, राजसमंद जिल्ह्यात राजपुरा-दरीबा आणि भिलवाड्यात रामपुरा-आगुचा इथे प्राचीन खाणकामाच्या खुणा आहेत. दरीबाच्या जुन्या भुयारांतल्या लाकडी टेकूंचं वय दोन हजार वर्षांहून जास्त भरतं. या तिन्ही ठिकाणी आज आधुनिक खाणी आहेत आणि देशातली बहुतेक चांदी याच भागातून, शिसे-जस्ताच्या जोडीने येते.

जावरला उभं राहिलं की जुनी खाण ओळखायला वेगळं शिकावं लागत नाही. टेकड्यांच्या कुशीत मातीच्या वांग्याच्या आकाराच्या वापरलेल्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत, आणि गावातल्या भिंतीही त्याच मुशी रचून बांधलेल्या. त्या जस्तासाठी वापरल्या जात. एका भट्टीत सहा बाय सहा अशा ३६ मुशी उलट्या लावायच्या आणि जस्ताची वाफ खाली थंड करून पकडायची. जस्त ९०७ अंशाला उकळतं, त्यामुळे उघड्या भट्टीत ते हवेत उडून जातं. म्हणून ही युक्ती.

भुयारं मात्र वेडीवाकडी असतात, कारण खोदणारा खडकातल्या धातूच्या शिरेमागे जातो. शीर रुंद तिथे दालन, बारीक झाली तिथे माणूस कसाबसा सरपटेल एवढं भोक. खडक फोडायला सुरुंग नव्हते. भिंतीला लाकडं लावून जाळ करायचा आणि तडकलेला दगड छिन्नी-पहारीने काढायचा. अशा भिंती गोलसर, गुळगुळीत आणि काजळी धरलेल्या दिसतात.

१०. शिशाच्या दगडातून चांदी वेगळी कशी काढत? आणि अशा खाणी बंद का पडत?

आधी गॅलेना भाजून गंधक उडवायचं, मग कोळशावर वितळवून शिसं काढायचं. चांदी त्या शिशात मिसळलेली राहते. समजा शिशात ०.१ टक्का चांदी आहे, तर एक टन शिशामागे एक किलो.

मग ते शिसं हाडाच्या राखेच्या खोलगट वाटीत नऊशे ते हजार अंशांवर वितळवून वरून भात्याने हवा मारायची. शिशाचं मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) होतं. त्यातलं काही राख शोषून घेते, काही वरून ओघळून काढलं जातं. चांदीला हवा लागत नाही, ती तशीच राहते. वाटीतला थेंब लहान होत जातो, त्यावर इंद्रधनुषी पापुद्रे पळताना दिसतात, आणि शेवटचा पापुद्रा सरला की थेंब एकदम लख्ख उजळतो. काम झाल्याची खूण तीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चांदी शिशाने शुद्ध करण्याचा विधी आहे.

वाचून करून बघावंसं वाटेल, पण या प्रक्रियेत शिशाची वाफ आणि धूळ फुप्फुसात जाते आणि शरीरात साठून राहते. घरी किंवा वर्कशॉपमध्ये हे करू नये.

बंद पडण्याचं सर्वात नेहमीचं कारण पाणी. भूजलाच्या पातळीखाली गेलं की मोटेने किंवा बादल्यांनी उपसा करणं खर्चाबाहेर जातं. दुसरं, पृष्ठभागाजवळ पाऊस-हवेने खडक कुजून चांदी एकवटलेली असते, खाली मूळ दगडात ती विरळ होते. लहान खाणी वरचा श्रीमंत थर संपला की थांबतात. तिसरं लाकूड: जाळ, कोळसा, टेकू, सगळ्याला लाकूडच, आणि आसपासचं रान संपलं की भट्टी थंड. दुष्काळ आणि लढायांत माणसं उठून गेली की पाणी भरतं, आणि भरलेली खाण पुन्हा उपसणं नवी काढण्याहून महाग पडतं.

११. निजामाच्या राज्यात सोन्याची खाण होती ना? ती मराठवाड्यात होती का?

ती रायचूर जिल्ह्यातली हट्टी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा आणि रायचूर दोन्ही हैदराबाद संस्थानात होते, म्हणून जुन्या लोकांच्या बोलण्यात 'आपल्या राज्यातली खाण' असा उल्लेख येतो. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स नावाची कंपनी तिच्यासाठी निघाली. आज ती कर्नाटकात आहे आणि चालू आहे.

१२. गावाजवळ दगडात कोरलेलं भुयार आहे. खाण नसेल तर काय असेल?

खुणांवरून बरंचसं ठरवता येतं.

तोंडाशी सरळ पायऱ्यांसारखे कापलेले टप्पे आणि ओळीने पाचरींची चौकोनी भोकं असतील तर ती दगडखाण. किल्ले, बारवा, मंदिरं यांचा दगड तिथून निघालेला असतो.

सारख्या मापाची दालनं, खांब, ओटे, छताला छिन्नीच्या समांतर रेघा असतील तर लेणं, मग ते अर्धवट सोडलेलं का असेना.

हलक्या उताराने जाणारं लांब भुयार आणि ठरावीक अंतरावर वरून उतरणारी विहिरीसारखी तोंडं असतील तर पाण्याची नहर. संभाजीनगरची मलिक अंबरची नहर अशीच आहे. बीडची खजाना विहीरही याच जातीची. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीत भुयारांतून पाणी येतं आणि शेताकडे जातं. नावातल्या 'खजान्या'च्या मोहाने तिच्यात खोदकाम करू नये. तिचं पाणी हाच तिचा खजिना.

अरुंद तोंड आणि आत घागरीसारखं रुंद होणारं पोट, ते पेव. धान्य साठवायचं.

खाण म्हणायला धातूमळाचा काळा काचेसारखा ढीग, मुशींची खापरं आणि शिरेमागे वळणारं भुयार, यांतलं काहीतरी लागतं.

१३. आत उतरून पाहिलं तर चालेल का?

एकट्याने, दोरी आणि हवेची खात्री नसताना कधीच नाही. पेव, जुनी विहीर किंवा बंद भुयार यांत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. तो हवेहून जड, म्हणून तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो. धान्य किंवा पालापाचोळा कुजत असेल तर धोका आणखी वाढतो.

खाली दिवा सोडून बघतात. दिवा विझला तर उतरू नका, हे खरं. पण दिवा तेवत राहिला म्हणजे हवा चांगली, असं समजू नका: विषारी वायू असतानाही तो जळत राहतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइडचं तसंच होतं.

सर्वाधिक मृत्यू होतात ते पहिल्याला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो तेव्हा. कोणी खाली कोसळलं तर उतरू नका. ११२ ला फोन करा, पंखा किंवा ब्लोअर असेल तर हवा खालपर्यंत पोचवा, आणि कमरेला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा.

१४. तुघलकाने चांदी नसल्यामुळे तांब्याची नाणी काढली, ती दौलताबादला का?

मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली आणि १३२९ पासून दोन-तीन वर्षं तांब्या-पितळेच्या नाण्यांना टंका या चांदीच्या नाण्याची किंमत दिली. अशी नाणी दौलताबादच्या टांकसाळीतही पाडली गेली. नक्कल करणं सोपं असल्यामुळे खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला, आणि शेवटी सरकारला ती परत घेऊन मोबदला द्यावा लागला. औरंगाबादला मोगल काळात रुपये पाडले गेले. त्या काळी भारतात येणारी बरीचशी चांदी युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत थेट अमेरिकेतल्या पोतोसी आणि मेक्सिकोच्या खाणींतून यायची.

१५. नांगरताना नाण्यांचा गडू सापडला. कायद्याने काय करावं लागतं?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. जमिनीत दडवलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांची मर्यादा आजही तीच, त्यामुळे चांदीचं एक नाणंसुद्धा त्यात येतं. अर्जात चार गोष्टी लिहा: काय सापडलं, किती, नेमकं कुठे आणि कोणत्या तारखेला. एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागतील तेव्हा हजर करू अशी हमी द्यावी लागते.

चौकशीत मालक निघाला नाही तर निधी बेवारस ठरतो. वेगळा करार नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळतो. सरकारने ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश जास्त देण्याची तरतूद आहे. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गडू सापडला तसाच ठेवा. नाणी चिंच-राखेने घासू नका, वेगळी करू नका. कोणतं नाणं कशाखाली होतं यावरून काळ ठरतो, आणि घासलं की अक्षरं जातात. सराफाकडे वितळवलेली नाणी म्हणजे गावाच्या इतिहासाचं फाडलेलं पान.

१६. गुप्तधन काढून देतो म्हणणारा माणूस गावात आला आहे. काय करावं?

पैसे देऊ नका आणि पोलिसांना कळवा. गुप्तधनाच्या शोधात करणी, भानामतीच्या नावाने अमानुष कृत्य करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार. 'जमिनीखालची चांदी दाखवणारं यंत्र' घेऊन फिरणाऱ्यांपासूनही सावध राहा. साधं धातुशोधक यंत्र जेमतेम फूट-दोन फुटांपर्यंत नाणी पकडतं. त्यावर दहा पुरुष खोलीची शीर दिसते असं सांगणारा खोटं बोलतो आहे. संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत खोदणं तर निषिद्धच.

१७. आजीच्या पेटीत हाली रुपये आणि राणीछाप रुपये आहेत. त्यांत चांदी किती?

हैदराबादचा हाली चारमिनारी रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के चांदीचा, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम शुद्ध चांदी. इंग्रजी कलदार रुपया (राणीछाप त्यातलाच) ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, म्हणून सोनार तो वजन म्हणूनही वापरत. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.७ ग्रॅम. या फरकामुळेच सात हाली बरोबर सहा कलदार असा हिशेब होता.

अपवाद: १९४० पासूनच्या महायुद्धाच्या काळातल्या कलदार रुपयांत चांदी निम्मीच आहे, आणि १९४७ चा रुपया निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतं. घरात वारशाने आलेल्या नाण्यांना प्रश्न १५ लागू होत नाही. तो जमिनीत सापडलेल्या निधीसाठी आहे.

१८. तरीही दगडाची खात्री करून घ्यायची आहे. नमुना कुठे आणि कसा द्यायचा? स्फटिक विकता येतील का?

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचं मुख्यालय नागपूरला आहे. भूशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयातही दगड ओळखून मिळतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

विकण्याबाबत सावध राहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार जमिनीतल्या खनिजांवर हक्क राज्य शासनाचा, सातबारा आपल्या नावावर असला तरी. परवानगीवाचून उत्खनन किंवा वाहतूक केल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. विहिरीच्या ढिगातले चार खडे कपाटात ठेवणं वेगळं आणि पोकळ्या फोडून गाडी भरणं वेगळं.

नमुना मुठीएवढा घ्या, ताज्या फुटीचा. निवडून चमकता तुकडा आणि त्याच्या शेजारचा साधा दगड, असे दोन. वेगवेगळ्या पिशव्यांत घालून चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, विहिरीतली खोली आणि तारीख लिहा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, ओल लागली की शाई पसरते. आणि ढिगाऱ्याचा फोटो काढताना शेजारी पेन किंवा काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो.